एलाच्या मागे पियानोवर कोण आहे?

हा आजच्या भागाचा लिखित अवतार. ऐकताना परदेशी नावं कानावरून निसटून जातात, म्हणून ती इथे नीट लिहून काढली आहेत, आणि रेकॉर्डिंगच्या घाईत राहून गेलेल्या दोन-चार गोष्टीही मध्येमध्ये घातल्या आहेत. हेडफोन जवळ ठेवा, कारण वाचता वाचता चार-पाच वेळा काहीतरी लावायला सांगणार आहे.

पहिलं आत्ताच लावा. जॉन कोल्ट्रेन, 'जायंट स्टेप्स'. पाच मिनिटांच्या आत संपतं, घाबरू नका. सॅक्सोफोन एकदा जो सुटतो तो दम खायला थांबतच नाही. तीन मिनिटं होत आली की तो बाजूला होतो आणि पियानोची पाळी येते. आता कान देऊन ऐका. पियानोवाला सुरुवात बरी करतो, पण मग त्याची वाक्यं तुटायला लागतात. मध्येच मोकळ्या जागा पडतात. पुन्हा एक प्रयत्न, पुन्हा खंड. शेवटी तो सुटे सूर वाजवायचा नाद सोडून नुसत्या कॉर्ड्स धरायला लागतो, आणि कोल्ट्रेन परत येऊन गाडी ताब्यात घेतो.

या पियानोवाल्याचं नाव टॉमी फ्लॅनगन. जॅझ शिकणारी मुलं आजही हा सोलो एकमेकांना ऐकवतात, इंटरनेटवर त्याची चिरफाड करणारे व्हिडिओ आहेत, आणि खाली कमेंटमध्ये 'बिचारा' या अर्थाचे शंभर शब्द. मीही त्याला असाच पहिल्यांदा ऐकला. आणि इथेच माझी तक्रार आहे. 200 हून जास्त अल्बममध्ये दुसऱ्यांसाठी वाजवणारा माणूस, जगातल्या सगळ्यात मोठ्या जॅझ गायिकेची साथ दोन टप्प्यांत मिळून बारा-तेरा वर्षं सांभाळणारा माणूस, आणि आपण त्याला ओळखतो ते एका दुपारच्या अडखळण्यावरून.

ती दुपार मे 1959 ची, न्यूयॉर्कमधली. आधी 'जायंट स्टेप्स' एवढं अवघड का आहे ते सांगतो, थिअरी न शिकवता. आपल्या गाण्यात सा एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, तानपुरा तोच धरून बसतो. आता अशी कल्पना करा की सा सतत सरकतोय, आणि शेजारच्या घरात नाही, थेट लांब उडी मारून. एकूण तीन सा, सप्तकाचे तीन सारखे भाग केल्यासारखे, आणि गाणं या तिघांमध्ये गोल गोल फिरतं. लय मिनिटाला 280 च्या पुढे. बहुतेक ठिकाणी दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलते, म्हणजे एका कॉर्डच्या वाट्याला अर्धा सेकंदसुद्धा येत नाही. तेवढ्यात ओळखायचं, वाजवायचं, आणि वर सुंदरही वाजवायचं.

कोल्ट्रेन या चढ-उतारांचा कितीतरी दिवस रियाज करत होता. फ्लॅनगनला त्याने कॉर्ड्स आधी दाखवल्या होत्या, पण लय सांगितली नव्हती. फ्लॅनगनने नंतर मुलाखतींत सांगितलंय की कागद बघून त्याला हे संथ गाणं वाटलं होतं. स्टुडिओत लय मोजली गेली तेव्हा कळलं! आणखी एक गोष्ट, जी हसणाऱ्यांना सहसा माहीत नसते. काही आठवडे आधी कोल्ट्रेनने हेच गाणं दुसऱ्या चमूबरोबर करून बघितलं होतं. तेव्हा पियानोवर सीडर वॉल्टन होता, तोही पुढे मोठा झालेला माणूस. ती रेकॉर्डिंग्ज नंतर बाहेर आली. त्यात वॉल्टनने सोलो घेतलेलाच नाही. फ्लॅनगनने निदान घेतला.

असो. हा माणूस तिथवर पोचला कसा ते बघू.

16 मार्च 1930, डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांचं शहर. वडील पोस्टमन, आई कपड्यांच्या धंद्यात काम करणारी, सहा भावंडांत हा शेंडेफळ. सहाव्या वर्षी हातात क्लॅरिनेट आली, पण घरात पियानो होता आणि थोरला भाऊ तो वाजवायचा, त्यामुळे हाही तिकडेच ओढला गेला. त्या काळातल्या डेट्रॉइटच्या सरकारी शाळांमध्ये संगीत अगदी गंभीरपणे शिकवत. त्याचा परिणाम बघा: बॅरी हॅरिस, रोलंड हॅना, केनी बरेल, पॉल चेंबर्स, डोनाल्ड बर्ड, हे सगळे साधारण एकाच काळात त्या एका शहरात वाढत होते. एकेका शाळेतून क्रिकेटची अख्खी टीम निघावी तसं. शहरातल्या ब्लू बर्ड इन नावाच्या क्लबमध्ये फ्लॅनगन थॅड जोन्स आणि एल्विन जोन्स या भावांबरोबर वाजवायचा. थॅड ट्रम्पेटवर, एल्विन ड्रम्सवर. थॅड हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

मध्ये 1951 ते 53 लष्कराची सक्तीची भरती. प्रशिक्षणानंतर एका लष्करी कार्यक्रमासाठी पियानोवाला हवा होता, तिथे निवड झाली, म्हणून लगेच आघाडीवर जाणं टळलं. पुढे कोरियाला पाठवलंच, पण तिथे त्याचं काम काय, तर सैनिकांसाठी सिनेमाचा प्रोजेक्टर चालवणं. अंधारात मागे बसायचं, लोकांचं लक्ष पडद्याकडे. (उपमा म्हणून हे फारच सोयीचं आहे, पण खरंच तसं झालं, मी काय करू.)

1956 मध्ये तो न्यूयॉर्कला आला, आणि पुढची चार वर्षं म्हणजे अक्षरशः धुमाकूळ. मार्चमध्ये, बरोबर 26 व्या वाढदिवशी, माइल्स डेव्हिसबरोबर रेकॉर्डिंग. जूनमध्ये सॉनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस'. 1959 मध्ये 'जायंट स्टेप्स'. जानेवारी 1960 मध्ये गिटारवादक वेस मॉन्टगोमरीचा 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार'. यातले शेवटचे तीन अल्बम त्या त्या वादकाची ओळख म्हणून आजही पुढे केले जातात, आणि तिन्हींत पियानोवर एकच माणूस आहे. योगायोग एकदा होतो, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा झाला की बघावं लागतं की हा माणूस पुढच्याला नक्की काय देतो.

स्वतःच्या नावाचा पहिला अल्बमही याच काळातला. ऑगस्ट 1957 मध्ये तो ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सनच्या वाद्यवृंदाबरोबर स्वीडनला गेला होता. तिथे स्टॉकहोममध्ये बॅसवर विल्बर लिटल आणि ड्रम्सवर जुना मित्र एल्विन जोन्स यांना घेऊन त्याने 'ओव्हरसीज' केला. एल्विनने त्यात काठ्यांऐवजी ब्रश घेऊन जे वाजवलंय ते ड्रम्सवाले आजही अभ्यासतात. हा अल्बम ऐकला की 'बिचारा' वगैरे शब्द आपोआप मागे घेतले जातात.

मग हा माणूस पुढे का आला नाही? इथून माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते.

एला फिट्झगेराल्डला सगळे ओळखता ना? निदान आवाज तरी कुठल्यातरी रीलच्या मागे ऐकला असेल. फ्लॅनगनने तिच्याबरोबर 1956 मध्येच थोडे दिवस वाजवलं होतं. मग 1963 ते 65 पूर्ण वेळ. 1966 मध्ये काही काळ टोनी बेनेटकडे. आणि मग 1968 ते 1978, सलग दहा वर्षं पुन्हा एलाकडे. आता हा हिशोब बघा: 1960 मध्ये त्याचा स्वतःच्या नावाचा अल्बम निघाला, आणि त्यानंतरचा रेकॉर्ड झाला 1975 मध्ये. पंधरा वर्षं. तिशीपासून पंचेचाळिशीपर्यंत, म्हणजे कलाकाराच्या ऐन उमेदीच्या काळात, त्याच्या नावावर काही नाही. कंपनीत आमच्याकडे अशांना अप्रेझलमध्ये सांगतात, काम उत्तम आहे हो, पण विझिबिलिटी कमी पडते.

साथ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गोविंदराव पटवर्धन किंवा अप्पा जळगावकर यांची पेटीची साथ ज्यांनी लक्ष देऊन ऐकलीय, त्यांना साथ हा वेगळा विषय आहे हे माहीत आहे. पेटीवाला गायकाच्या सावलीसारखा मागोमाग जातो, तान संपली की तिचं शेपूट उचलतो, गायक श्वास घेतो तेवढ्यात जागा धरून ठेवतो. जॅझ पियानोच्या साथीत एक मोठा फरक आहे. तिथे नुसतं मागोमाग जाऊन भागत नाही. गायिका ज्या सुरावर उतरणार आहे त्याच्या खालची कॉर्ड तिच्या पायाखाली आधी मांडलेली लागते. म्हणजे सावली पडायची ती माणसाच्या पुढे! ती कुठे जाणार हे ती जायच्या आधी कळायला हवं. आणि एलासारखी गायिका रोज त्याच ठिकाणी जात नाही.

त्यात परत किती तऱ्हा. गाणं सुरू व्हायच्या आधी पियानो चार बार वाजवतो, तेवढ्यात गायिकेला सूर कुठला, लय कुठली, आज मूड काय, हे सगळं मिळालं पाहिजे, आणि श्रोत्यांना मात्र ही माहिती दिली जातेय असं वाटता कामा नये. काही जुन्या गाण्यांना आधी एक छोटा प्रास्ताविक भाग असतो. तो ठेक्याविना गातात, आपल्या आलापीसारखा. बॅस नाही, ड्रम्स नाही, फक्त आवाज आणि पियानो, शब्दाशब्दाला लय सैल होते आणि आवळते. मग ठेका सुरू झाला की गायिकेचा आवाज ज्या पट्टीत फिरतोय तिथे पियानोने गर्दी करायची नाही. तिची चाल आपण वाजवायची नाही. तिने ओळ संपवली की दोन सुरांची जागा मिळते, त्यात काहीतरी म्हणायचं आणि ती परत येण्याआधी दार मोकळं करून ठेवायचं. एला शब्द सोडून नुसत्या अक्षरांनी गायला लागली, ज्याला स्कॅट म्हणतात, की ती गायिका उरत नाही, सॅक्सोफोन होते. मग साथीचं सगळं गणितच बदलतं.

आता दुसरं गाणं. जुलै 1964, दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठचं ज्वां-ले-पां गाव, उघड्यावरचा महोत्सव. एला, पियानोवर फ्लॅनगन, बॅसवर बिल यान्सी, ड्रम्सवर गस जॉन्सन, आणि ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज. झाडांमधून किड्यांनी जी किरकिर लावली आहे ती थांबेना. एखादी गायिका वैतागली असती. एलाने त्या किड्यांवरच तिथल्या तिथे गाणं रचून म्हटलं. 'एला अॅट ज्वां-ले-पां' या अल्बमवर ते 'द क्रिकेट साँग' नावाने आहे. ऐकताना सगळे हसत हसत एलाचं कौतुक करतात, आणि करायलाच हवं. पण एकदा मागे बसलेल्यांच्या बाजूने विचार करा. दोन मिनिटांपूर्वी जे गाणं जगात नव्हतं त्याला साथ करायची आहे. कागद नाही, तालीम नाही, ती पुढची ओळ काय म्हणणार हे तिलाच ठरवायचंय. 'जायंट स्टेप्स'ला निदान कागद तरी होता.

एलाचे श्रोते अशा गोष्टींवरच जीव टाकायचे. 1960 मध्ये बर्लिनला ती 'मॅक द नाइफ'चे शब्द चक्क विसरली आणि त्या विसरण्यावरच शब्द जुळवत गाणं पुरं केलं. त्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं. (तेव्हा पियानोवर पॉल स्मिथ होता, फ्लॅनगन नाही. नेटवर गोंधळ होतो म्हणून सांगितलं.) पण बाई विसरली आणि जग जिंकली, यातली दुसरी बाजू ही की मागच्या चौघांपैकी कोणीही त्या क्षणी विसरून चालणार नव्हतं.

मला विचाराल तर त्याची साथ समजून घ्यायची सगळ्यात सोपी जागा आहे माँत्रो, स्वित्झर्लंड, जुलै 1977. तिथल्या महोत्सवात फ्लॅनगन, कीटर बेट्स आणि बॉबी डरहॅम या तिघांचे लागोपाठ दोन अल्बम रेकॉर्ड झाले. एक फक्त तिघांचा, दुसरा एलाबरोबर. माणसं तीच, पियानो, बॅस, ड्रम्स तेच, आठवडा तोच. नशिबाने दोन्हींत चार्ली पार्करची एकेक रचना आहे, आणि दोन्ही बारा बारच्या ब्लूज. तिघांच्या अल्बमवर 'बार्बेडोस', एलाच्या अल्बमवर 'बिलीज बाउन्स'. थोडक्यात, दोन्हीकडे ढाचा एकच, फक्त एकीकडे गायिका आहे आणि एकीकडे नाही. प्रयोगशाळेत करूनसुद्धा इतकी स्वच्छ तुलना मिळाली नसती.

आधी 'बार्बेडोस' लावा. फ्लॅनगनचा उजवा हात ऐका. लांब लांब वाक्यं, कुठे घाई नाही, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. वेगातसुद्धा एकेक सूर सुटा, स्वच्छ ऐकू येतो. आता 'बिलीज बाउन्स' लावा आणि पहिल्यांदा एलाला मनसोक्त ऐकून घ्या, कारण ती स्कॅटमध्ये जे करते त्याच्याकडे दुर्लक्ष करणं शक्य नाही. मग परत लावा आणि या वेळी फक्त पियानोकडे कान ठेवा. तोच उजवा हात कुठे गेला? जिथे बोलायचं तिथे एखादी आखूड कॉर्ड, किंचित टेकू, बस. तो कमी वाजवतोय असं नाही म्हणता येणार, तो कुठे वाजवायचं नाही हे सतत ठरवतोय. मी हे दोन ट्रॅक लोकलमध्ये पनवेलपर्यंत उलटसुलट ऐकले आहेत आणि दर वेळी एलाच्या ट्रॅकवर पियानो पुन्हा हातातून निसटला आहे. लक्ष नकळत एलाकडे जातं. तसं ते जावं अशीच त्याने व्यवस्था केलेली आहे.

आता यात त्यागाची वगैरे गोष्ट शोधू नका. एलाकडचं काम म्हणजे जॅझमधली उत्तम नोकरी होती. साठच्या दशकात रॉकची लाट आली, क्लब बंद पडायला लागले, भल्याभल्या वादकांची पोटापाण्याची ओढाताण झाली. एलाला मात्र जगभर मागणी होती आणि तिचा मॅनेजर नॉर्मन ग्रँझ वादकांना नीट वागवण्याबद्दल प्रसिद्ध होता. 1975 च्या फेब्रुवारीत टोकियोच्या दौऱ्यावर असताना फ्लॅनगनचा तो पंधरा वर्षांनी आलेला अल्बम, 'टोकियो रिसायटल', रेकॉर्ड झाला, तोही ग्रँझच्याच पाब्लो कंपनीसाठी आणि एलाच्याच बॅस-ड्रम्सवाल्यांना घेऊन. सगळं ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांचं संगीत. म्हणजे नोकरीने त्याला अडवलं असंही सरळ म्हणता येत नाही.

पण नोकरी ती नोकरी. वर्षातले चाळीसहून जास्त आठवडे प्रवास. आज युरोप, उद्या जपान, परवा अमेरिकेतलं कुठलंतरी सभागृह. 1978 मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय 48. त्याने एलाकडचं काम सोडलं.

आपल्याकडे या वयात माणसं इएमआय आणि मुलांच्या कॉलेजचा विचार करून आहे तिथे टिकून राहतात, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. फ्लॅनगनने उलटं केलं. साथीदार म्हणून जगाने शिक्का मारलेला, स्वतःच्या नावावर मोजके अल्बम, तब्येत अशी, आणि त्याने ठरवलं की आता आपला त्रयी-वाद्यवृंद घेऊन पुढे बसायचं. पियानो, बॅस, ड्रम्स, गायक नाही. कधी तर फक्त बॅसवादक जॉर्ज म्राझ आणि तो, दोघंच. पुढच्या 23 वर्षांत त्याने इतकं रेकॉर्ड केलं की एकूण स्वतःच्या नावाचे अल्बम तीन डझनांच्या वर गेले. 1993 मध्ये डेन्मार्कचा जॅझपार पुरस्कार, 1996 मध्ये अमेरिकेचा 'जॅझ मास्टर' सन्मान. टीकाकार आता त्याला जिवंत पियानोवाल्यांतला अत्यंत सुसंस्कृत पियानोवाला म्हणायला लागले. तो तसा 1957 मध्येही होताच की! पण साथीला बसलेल्या माणसाकडे बघायला कोणाला तरी मान वळवावी लागते.

आणि मग फेब्रुवारी 1982. कोल्ट्रेनला जाऊन पंधरा वर्षं होत आली होती, तो 1967 मध्येच वारला. फ्लॅनगन न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओत गेला, बॅसवर म्राझ, ड्रम्सवर अल फॉस्टर, आणि कोल्ट्रेनच्या आठवणीसाठी एक अल्बम केला. नाव काय ठेवलं? 'जायंट स्टेप्स'. त्यात पाच गाणी त्याच 1959 च्या अल्बममधली. त्यातलं 'नायमा' तर मूळ अल्बमवर त्याने वाजवलेलंही नव्हतं, त्या ट्रॅकवर विंटन केली होता. आणि 'जायंट स्टेप्स' हे गाणं तर अर्थातच आहे.

लावा ते. सॅक्सोफोन नाही. म्हणजे लपायला जागा नाही आणि सूत्रं घेऊन जायला कोणी परत येणार नाही. ते तीन सरकणारे सा, त्या उड्या, सगळं तसंच आहे, आणि हा माणूस त्यातून असा चालत जातो की जणू स्वतःच्या गल्लीतून चाललाय. सलग वाक्यं, मध्ये श्वास, कुठे दाखवेगिरी नाही. तेवीस वर्षं हे गाणं त्याच्या डोक्यात कुठेतरी बसून असणार. मला यात सूड किंवा हिशोब चुकता करणं ऐकू येत नाही. काही लोक तसं लिहितात, पण अल्बम ऐकून तसं वाटत नाही. अल्बम कोल्ट्रेनला अर्पण आहे आणि तो तसाच वाजतो. ज्या मित्राने 1959 मध्ये लय सांगितली नव्हती, त्याला सावकाश दिलेलं उत्तर.

आणि मला असंही वाटतं की मधल्या काळात तो एलाकडे जे करत होता ते यात कुठेतरी आलंय. पुढची कॉर्ड यायच्या आधी पुढच्या कॉर्डपाशी जाऊन उभं राहायचं, हेच त्याने इतकी वर्षं रोज रात्री केलं होतं. याला पुरावा माझ्याकडे नाही, फक्त कान आहेत. तुम्ही 1959 आणि 1982 लागोपाठ ऐका आणि मला कळवा.

एलाला तो विसरला नाही. 1990 च्या दशकात तिने गाणं थांबवलं, मधुमेहाने तिची प्रकृती फार खालावली होती. त्याच सुमारास फ्लॅनगनने 'लेडी बी गुड... फॉर एला' नावाचा अल्बम केला, पीटर वॉशिंग्टन बॅसवर, लुइस नॅश ड्रम्सवर. त्यात तिची गाणी आहेत आणि गायिका नाही. ज्या जागा तो इतकी वर्षं मोकळ्या ठेवत आला, तिथे आता तो स्वतः वाजवतो. एला गेली 15 जून 1996 ला. फ्लॅनगन 16 नोव्हेंबर 2001 ला, वयाच्या 71 व्या वर्षी, मॅनहॅटनमध्ये.

शेवटचं लावायचं ते हे. 16 मार्च 1997, त्याचा 67 वा वाढदिवस, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, बरोबर वॉशिंग्टन आणि नॅश. अल्बमचं नाव 'सनसेट अँड द मॉकिंगबर्ड'. यात डेट्रॉइटच्या दोस्ताच्या, थॅड जोन्सच्या रचना आहेत, मधोमध एलिंग्टनचं ते शीर्षकाचं पाखरू आहे. सगळ्यात शेवटचा ट्रॅक 'गुड नाइट माय लव्ह'. हे गाणं 1936 मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर एकोणीस वर्षांच्या एला फिट्झगेराल्डने गायलं होतं. तिला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.

पुढच्या भागात भेटू.